गावंड्यांच्या स्टोव्हचा व्हाल

१

लिहा म्हणते. विमलताई, आमच्या प्रौढांच्या वर्गाची मास्तरीण. म्हाताऱ्या माणसानं पाटीवर अक्षरं गिरवली, तेवढ्यानं तिचं पोट भरलं नाही. आता आयुष्यातली एखादी गोष्ट लिहून आणा म्हणे. मी म्हटलं, माझ्या आयुष्यात काही घडलं नाही. तर म्हणे, बाबा, ते स्टोव्हचंच लिहा ना, बाजारात सगळे कुजबुजतात ते. कुजबुजतात तर त्यांनाच लिहायला लाव. पण बाई हट्टाची, आणि आमच्या कांताबाईला, म्हणजे बायकोला, तिनं आधीच फितवून ठेवलं आहे. लिहितो. 'मी मी' लिहिताना हात अडखळतो, म्हणून उकंडा गेला, उकंडा आला, असंच लिहिणार. ज्याला पटत नसेल त्यानं वाचू नये.

तर उकंडा. दिग्रसच्या बाजारात सरकीच्या वखारीला पाठ लावून पोत्याच्या सावलीत बसायचा. स्टोव्ह, गॅसबत्त्या, कुलपं दुरुस्त करायचा. जीभ कडू, हात बरा. तेव्हा स्टोव्ह घरोघरी नव्हते. ज्याच्या घरी होता त्याच्या घरच्या बायका उकंड्याशी गोड बोलायच्या, कारण स्टोव्ह अडला की पुन्हा धुरात बसावं लागायचं.

कापसाचे अडते बबनराव गावंडे यांच्याकडे नागपूरहून आणलेला पितळी स्टोव्ह होता. घर नवंच, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाजवळ, वर टिनपत्रे. घरात बबनराव, बायको कोकिळा आणि बबनरावांची थोरली बहीण वच्छलाबाई. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाचं स्वयंपाकघर तीच सांभाळायची. दम्यानं बेजार. तिचं कोणतंही बोलणं तीन तुकड्यांत यायचं.

"उकंडाभाऊ... चहा ठेवते... बसा."

दोनदा थांबायची, दोन्ही वेळा छातीतून शिट्टी वाजायची. उकंड्यानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हापासून बऱ्याच घरांत त्याच्यासाठी कोनाड्यात वेगळा कप होता. आधीही होता म्हणा, पण आता तो रागानं ठेवलेला असायचा. वच्छलाबाई घरातलाच कप हातात द्यायची. उकंड्याला त्याचं काही कौतुक नव्हतं. कप तो कप. पण दोन घरचं बोलावणं असलं की तो आधी गावंड्यांकडे जायचा, हेही खरं.

त्या दिवशी कोकिळानं निरोप धाडला होता.

"बंद केला तरी आवाज येते याचा," ती म्हणाली. "हवा सोडली, तेल काढलं. तरी येते."

"रिकामी टाकी आवाज नाही करत, बाई."

"मंग ऐका ना तुमी."

उकंड्यानं स्टोव्ह मांडीवर घेतला आणि टाकीला कान लावला. सूंऽऽ. थांबलं. पुन्हा सूंऽऽ, बारीक शिट्टीसारखं. पलीकडच्या खोलीत वच्छलाबाई खाटेवर पडली होती आणि तिचा दमा चालू होता. तिनं श्वास ओढला की टाकी ओढायची. तिनं सोडला की टाकी सोडायची.

भिंतीतून आवाज येतो आणि टाकीत घुमतो, तांब्यात घुमतो तसा, असं उकंड्यानं स्वतःला समजावलं. मग तो स्टोव्ह उचलून अंगणात, पार कुंपणापाशी घेऊन गेला. तिथून खाटेचा आवाज ऐकू येत नव्हता. टाकीचा येत होता.

२

स्टोव्हच्या पंपाच्या तळाशी एक छोटा व्हाल असतो. त्याचं काम एवढंच, की भरलेली हवा आत जाऊ द्यायची आणि परत येऊ द्यायची नाही. उकंड्यानं असे शेकड्यानं काढले-घातले होते. त्यानं नळीत लांब पाना घातला, फिरवला आणि व्हाल तळहातावर पाडला.

तो व्हाल नव्हता.

चिंचोक्याएवढा. रंग पितळेचा, वजन पितळेचं नाही. बाजूनं सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि भोकांतून पाहिलं तर आत कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी ताणून बसवलेलं. उन्हात बसून पाहत होता म्हणून की काय, तो गरम लागत होता.

टाकी गप्प झाली होती. घरातूनही काही येत नव्हतं.

"बाईचा डोळा लागला वाटते," कोकिळा दारातून म्हणाली. "बरं झालं. कालपासून झोप नाही तिले."

उकंड्याची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या घरचा कोणताही भाग बाहेर न्यायचा असला की त्यावर टोच्यानं एक तिरपी रेघ ओढायची. तेव्हा लिहिता येत नव्हतं, म्हणून ही खूण. जिनात त्याचा अंगठा एकदा सापडला होता, तेव्हापासून रेघेचं टोक आकड्यासारखं वळायचं. तशी रेघ दुसऱ्याला जमत नव्हती आणि त्याला टाळता येत नव्हती. ती त्यानं या चिंचोक्यावरही ओढली.

तेवढ्यात बबनराव आले.

"हे काय होय?"

"मालूम नाही."

"मिस्त्री तू का मी?"

"मिस्त्री मीच. पण हे स्टोव्हचं नाही. देशी व्हाल बसवून देतो, चालते."

देशी व्हाल बसवला. स्टोव्ह पेटला, पण ज्योत पिवळी, भांड्याचं बूड काळं. मग जुनाच परत बसवू म्हणून पाहिला, तर त्याचे आटे काढतानाच गेले होते, तो नळीत धरेना.

"मले जसा होता तसाच पाहिजे," बबनराव म्हणाले. "नमुना घेऊन यवतमाळले जा. नमुना पाहून कोनीही देते."

आता नमुना घेऊन जाणं हे आमच्याकडे सगळेच करतात. वस्तूचं नाव माहीत नसलं तरी चालतं, फक्त खिशात घालून दुकानदारापुढे ठेवायची. त्यात उकंड्याला काही वावगं वाटलं नाही. आणि जा म्हणणारे बबनराव होते. हे ध्यानात ठेवा.

३

लग्नाच्या बत्त्यांचं काम हातात होतं म्हणून उकंड्याचं जाणं लांबलं. मधेच एका सकाळी वच्छलाबाई चालत बाजारात आली. जी बाई अंगण ओलांडताना खांब धरायची ती पिशवीभर भाजी घेऊन पोत्याच्या सावलीत येऊन उभी राहिली.

"उकंडाभाऊ तुमच्या त्या देशी व्हालानं भांडी काळी होऊन राह्यली आन् चहाले लय वेळ लागते पण माझं म्हनाल तर मी अशी ठणठणीत झाली का बबन म्हनते डॉक्टरलेही जमलं नाही ते कसं झालं आन् कोकिळा उगाच तोंड करून फिरते तिले सांगा तुमी काही झालं नाही मले म्हनून."

"बरं झालं, बाई," उकंडा म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं. ती गेली. हातातली बत्ती त्यानं पुन्हा उघडली, जाळी बसवली, आणि बसवता बसवता त्याच्या मनात काहीतरी टोचायला लागलं. काय ते कळायला उन्हं वखारीवर चढावी लागली. बाई बोलली तेव्हा मधे कुठंच थांबली नव्हती. दम लागायचा सोडा, तिनं दम घेतलाच नव्हता.

दमेकरी माणूस बरं झालं तर सलग बोलणारच, असं म्हणून त्यानं बत्तीचा पंप मारला. पण दुपारी तो भांड्यांची काजळी पाहायला म्हणून गावंड्यांकडे गेलाच.

स्टोव्ह नीट चालत नाही म्हणून वच्छलाबाई चुलीपुढे बसली होती. लाकडं ओली, धूर डोळ्यात जात होता. तिनं फुंकणी उचलली, तोंडाला लावली, टोक निखाऱ्यांकडे धरलं आणि तशीच बसली. गाल फुगले नाहीत. निखारा उजळला नाही. फुंकणीच्या टोकाशी राखेची एक पापडी होती, ती जागची हलली नाही. मग तिनं फुंकणी खाली ठेवली आणि जाळ होईल म्हणून शांतपणे वाट पाहत बसली.

कोकिळानं फुंकणी घेतली, फुंकली, जाळ केला. मग उकंड्याला पोचवायच्या निमित्तानं कुंपणापर्यंत आली.

"हात पाह्यले का तिचे? माठावानी थंड हायेत," ती हळूच म्हणाली. "दुपारची पडली होती, तवा मी कापसाचा एक पुंजका तिच्या नाकाशी धरला. लय वेळ धरला, भाऊ. माझा हात दुखला, पण तो काही हालला नाही."

"बबनरावाले सांगितलं?"

"ते म्हनते दमा गेला, नारळ फोडू. मले हे समजत नाही का मंग तिच्या आत जाते काय आन् निघते काय." तिनं पदराचं टोक चावलं. "तुमी जे काढलं ते परत घाला. लवकर घाला. काल ती जेवलीही नाही. ताट समोर घेऊन बसली, मंग उचलून ठेवलं, जेवल्यावानी."

हे बाईमाणसाचं काहीतरी खूळ, असं उकंडा म्हणाला असता. पण राखेची पापडी त्यानंही पाहिली होती.

४

दुसऱ्या सकाळी पहिल्या मोटारीनं तो यवतमाळला गेला. स्टोव्हच्या दुकानदारानं चिंचोका उलटसुलट केला आणि म्हणाला, हे रेडिओचं असेल. रेडिओवाला म्हणाला, घड्याळाचं असेल. घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं, वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्यानं ती वस्तू कागदावर ठेवली, हात धोतराला पुसला.

"हे दुरुस्तीचं सामान नाही," तो म्हणाला. "ज्याचं आहे त्याला देऊन टाका."

"तेच तर करून राह्यलो. पन आटे गेले त्याचे."

घड्याळजीनं बोटानंच मागची गल्ली दाखवली. "मारोतरावाकडं जा. मी सांगितलं म्हणू नका."

मारोतरावाचं दुकान म्हणजे मोडीचा ढीग. तो उजेडाकडे पाठ करून बसला होता. कोणत्या मशिनीचं, कोणत्या कंपनीचं, काही विचारलं नाही.

"बाई हाये का बुवा?"

"काय?"

"ज्याचं हाये ते. बाई का बुवा?"

"बाई," उकंडा म्हणाला, आणि मग त्याचं डोकं फिरलं. "मले स्टोव्हचा व्हाल पाहिजे गा, सोयरीक नाही करायची."

मारोतराव हसला. चिंचोका घेऊन तो तरटाच्या पडद्यामागे गेला. पडदा हलला तेवढ्यात उकंड्याला आतला आवाज ऐकू आला. भरदुपारी जेवून वऱ्हाड एका खोलीत निजलेलं असावं, तसा. कोणी घोरतं, कोणी उसासतं, एखादं लहान पोर नाकातून सुसू करतं. पडद्याखालून दिसली ती मात्र फक्त फळीवर ओळीनं मांडलेल्या डब्यांची बुडं. माणसाचा पाय एकही नव्हता.

मारोतराव बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर दोन चिंचोके होते.

"आटे नीट केले. हा एक तुमचा. दुसरा असू द्या जवळ, मालकीण नाही त्याले कोनी."

"यातला माझा कोनता?"

"खून केली असन ना तुमी."

उकंड्याला ते पटलं. रस्त्यावर उन्हात येऊन त्यानं पाहिलं. एकावर रेघ होती, टोकाला आकडा वळलेली. दुसरा फिरवला. त्यावरही रेघ होती, टोकाला आकडा वळलेली.

तो तसाच परत फिरला. "दोन्हीवर तू काहून रेघ मारली?"

मारोतरावानं दोन्ही उजेडात धरून पाहिले.

"मी खून करत नाही, मिस्त्री. हा तुमचाच हात हाये."

मोटारीत बसून उकंडा साऱ्या वाटेनं आठवत राहिला. असा दुसरा चिंचोका आपण कधी काढला होता? कोणाच्या घरचा? आयुष्यात काढला नव्हता. दारू तो पीत नव्हता, विसराळू नव्हता. पण रेघ त्याची होती. स्वतःची रेघ माणूस ओळखतो. खिशात दोन्ही सारखेच गरम होते.

५

तो पोचला तेव्हा जिन जोरात चालू होतं. हंगाम होता. जिन चालू असलं की गावंड्यांच्या घरात जमिनीपासून पत्र्यापर्यंत सगळं थरथरायचं, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकायला जवळ सरकावं लागायचं.

वच्छलाबाई दारात बसून तुरीची डाळ निवडत होती. म्हणजे सूप मांडीवर होतं आणि हात डाळीत होते. हात हलत नव्हते. नखं जांभळी दिसत होती.

"आला का," बबनराव म्हणाले. "भेटला ना तसाच? लाव मंग."

उकंड्यानं दोन्ही चिंचोके हातावर ठेवले. कोकिळानं कापूस आणला. एकाशी धरला, तो हलला. दुसऱ्याशी धरला, तोही हलला.

"थोडं थांबा," उकंडा म्हणाला. "जिन बंद होऊ द्या. मंग ऐकून घालतो."

"व्हाल ऐकून घालतं?"

"बाईचा दम मले ओळखू येते. ते दोनदा थांबते. इथं या आवाजात काही समजून नाही राह्यलं."

"काय बडबडतं बे?"

"त्यायचं ऐका ना जरा," कोकिळा म्हणाली. "भोंगा होईन आता. थोडं थांबायले काय होते?"

"मले अडतीवर जायचं हाये. दोन्ही सारखे, नमुन्यापरमानं आणलेले, आन् हा निवडत बसला, नवरी पाहाले आल्यावानी." बबनरावांनी हात पुढे केला, उकंड्याच्या तळहातावरचा एक चिंचोका चिमटीत उचलला आणि त्याच्यासमोर धरला. "हा घाल."

त्यांनी उचलला. उकंड्यानं नाही. विमलताईनं इथं खाली रेघ ओढली तरी चालेल.

उकंड्यानं घातला. पाना फिरवला, वायसर बसवला, पंप मारला, काडी लावली. ज्योत निळी झाली, गोल, घुमणारी. आणि दारात वच्छलाबाईचे खांदे वर उचलले गेले. तोंड उघडलं. पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा तिनं श्वास घेतला. मग सोडला. मग दुसरा. कोकिळा रडायला लागली.

"पाह्य," बबनराव म्हणाले. "उगाच घोळ."

श्वास मोकळा होता. शिट्टी नव्हती, अडखळणं नव्हतं. धट्ट्याकट्ट्या, रानात राबणाऱ्या बाईचा श्वास.

वच्छलाबाईनं मांडीवरच्या सुपाकडे पाहिलं. हातांकडे पाहिलं, उलटे करून, सुलटे करून. मग तिचं लक्ष बबनरावांकडे गेलं, आणि तिनं घाईघाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

"घाटंजीची मोटार," तिनं कोकिळाला विचारलं, "गेली का वं? पोरं वाट पाहत असतीन माही."

आवाज वच्छलाबाईचाच होता.

तेवढ्यात जिनाचा भोंगा झाला. पट्टे थांबले, पत्रे थांबले, घर एकदम शांत पडलं. त्या शांततेत उकंड्याच्या मुठीतून आवाज आला. सूंऽऽ, बारीक शिट्टी, थांबला. पुन्हा सूं, थांबला. मग उरलेला तुकडा.

"चुकीचा गेला," उकंडा म्हणाला. "बाई इथं हाये, माह्या हातात. तो काढा, हा घालतो."

त्यानं स्टोव्हकडे हात नेला तर बबनराव आडवे उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हात लावशीन तर पाह्य. श्वास घेऊन राह्यली ना ती?"

"घेऊन राह्यली. पन कोन घेऊन राह्यलं?"

"निंघ इथून."

६

काही दिवस ती त्या घरात राहिली. पाहुण्या बाईसारखी, दाराच्या कडेला बसून. कोणाला त्रास दिला नाही. स्वयंपाक करायची, पण मीठ कुठं, तेल कुठं, हे रोज कोकिळाला विचारायची. मग एका बाजाराच्या दिवशी ती गेली. भाजीवाल्या सुखीबाईनं तिला घाटंजीच्या मोटारीत पाहिलं. खिडकीशी बसली होती, मांडीवर गाठोडं, आणि घरी जाणारं माणूस बसतं तसं बसली होती, असं सुखीबाई सांगते. बबनरावांनी घाटंजीला माणसं पाठवली. एका वाडीत ती दिसली, असं माणसं म्हणाली. दारात उभी होती, दोन पोरं पदराला धरून, आणि बबनरावांचं नाव सांगितल्यावर तिनं कोण म्हणून विचारलं. पोरं तिला आई म्हणत होती. त्या पोरांची आई मागच्या उन्हाळ्यात वारली, असंही माणसांनी तिथं ऐकलं. पुढे बबनरावांनी काही विचारू दिलं नाही.

पण भरबाजारात, पोत्याच्या सावलीपुढे उभं राहून, लोक जमेपर्यंत थांबून ते म्हणाले, या उकंड्यानं माझ्या स्टोव्हचा असली व्हाल चोरला आणि हलका घातला. जातीवर गेला, असंही म्हणाले. उकंड्यानं खिशातून दुसरा चिंचोका काढून पुढे धरला. म्हटलं, हा घ्या, घालून देतो, तिला घेऊन या. बबनरावांनी पाहिलंसुद्धा नाही. घरी जाऊन त्यांनी स्टोव्ह घणानं फोडला. आता तो चिंचोका घालायला जागाच राहिली नाही. उकंड्यानं दुसऱ्या स्टोव्हांत बसवून पाहिला. कोणत्याही नळीत जात नाही.

त्या दिवसापासून उकंड्यानं कोणत्याही वस्तूवर रेघ ओढली नाही. त्या परक्या चिंचोक्यावर आपली रेघ कधी पडली होती, कोणाच्या घरी, ते अजून आठवत नाही. कधीकधी हातातलं काम सोडून तो अंगठ्याकडे पाहत बसतो.

चिंचोका खिळ्यांच्या डब्यात आहे. कांताबाई तो घरात ठेवू देत नाही, म्हणून बाहेर वळचणीला असतो. कोकिळा अधूनमधून कुलूप बिघडलं म्हणून येते. कुलूप बिघडलेलं नसतं. डब्याशेजारी बसते, घरातलं काय काय सांगते. दुपारी जिन थांबलं की चिंचोकाही बोलतो. शब्द येत नाहीत, नुसता दम. पण मी त्या घरचा चहा इतक्या वेळा प्यालो आहे, की कोणत्या शब्दाला किती दम लागतो ते मला कळतं. एक लांब, थांबणं. मग जरा आखूड, थांबणं. मग एकदम छोटा.

उकंडाभाऊ... चहा ठेवते... बसा.

मी बसतो. ज्यानं चुकीचा उचलला तो अजून वखारीपुढून रोज जातो, मान पलीकडे वळवून. तिची माफी मागायला त्याला डब्यापाशी यावं लागेल, ते तो करायचा नाही. माझी तरी मागावी. बाजारात मागावी, लोक जमेपर्यंत थांबून. बबनराव केशवराव गावंडे, अडते, राहणार दिग्रस.